बंधारे बांधले, पण उपशाचं काय?

गावात बंधारा झाला की नारळ फुटतो, फोटो निघतात. नाला खोलीकरणानंतर पहिल्या पावसात पाणी तुंबलं की त्याचे व्हिडिओ चार दिवस फिरतात. ते फिरावेतच, त्यामागे लोकांचं श्रमदान असतं. पण त्याच पाण्यातून यंदा कोणी किती उपसायचं आणि कोणतं पीक घ्यायचं नाही, हे ठरवायला बसलेली ग्रामसभा तुम्ही पाहिली आहे का? आमच्या भागात मी तरी पाहिलेली नाही. शाश्वत विकासाबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं या प्रश्नात आहे.

आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ देऊ नका, असं संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, त्यांना २०३० ची मुदत दिली. मराठवाड्यात हे समजून घ्यायला अहवाल वाचावा लागत नाही, बोअरची खोली विचारली की पुरतं. आजोबांचं विहिरीवर भागलं. वडिलांना दोनशे फुटांवर पाणी लागलं. आता पाणाड्याने जागा दाखवावी, गाडी सहाशे-आठशे फूट खाली जावी आणि नुसता फुफाटा वर यावा, हे गावोगाव घडतंय. केसिंगचे, गाडीचे पैसे उसनवारीचे असतात. बोअर फेल गेलं तरी ते फेडावेच लागतात.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे. वरचा मुरमाड, झिजलेला थर पावसाने भरतो. आपल्या जुन्या विहिरी त्याच थरातल्या. त्याखालच्या एकसंध पाषाणात पाणी मावतं ते फक्त भेगांमध्ये, आणि एकदा उपसलं की तिथे पुन्हा झिरपायला फार काळ लागतो. म्हणजे खोल बोअरवाला पुष्कळदा नवं पाणी शोधत नसतो. तो वर्षानुवर्षं साठलेलं पाणी संपवत असतो, नाहीतर शेजाऱ्याच्या विहिरीतलं ओढत असतो.

यंत्राला मी दोष देणार नाही. १९७२ च्या दुष्काळात बोअर खोदणारी यंत्रं आपल्याकडे वापरली गेली ती पिण्याच्या पाण्यासाठी, आणि त्यांनी माणसं जगवली. जालना आणि सोलापूर इथे घडलेल्या हातपंपांतूनच पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला, याचा मला अभिमान वाटतो. पण हातपंपाला माणसाच्या दंडाची मर्यादा होती. पाणबुडी मोटारीला ती नाही, आणि वीज फुकट किंवा ठरावीक दराची असली की मोटार बंद करायचं काही कारणही उरत नाही.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. ६० मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट! तुमच्या गावात हा कायदा कोणाला माहीत आहे, जरा विचारून बघा.

आता एक साधा हिशोब. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. चारशे मिलिमीटर पडला तर चाळीस लाख लिटर. त्यातलं काही वाहून जातं, काही उडून जातं, जमिनीत मुरतो तो थोडाच भाग. पाटाने पाणी दिलेल्या उसाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. चारशे मिलिमीटरच्या गावात एक थेंबही वाया गेला नाही असं धरलं, तरी एक हेक्टर उसासाठी पाच हेक्टरांवरचा पाऊस लागतो. त्या बाकीच्या चार हेक्टरांचे मालक कोण? त्यांना कोणी विचारलं? ठिबकने पाणी वाचतं, नक्कीच वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागत असेल तर विहिरीला त्याचा काय उपयोग?

ऊस लावणाऱ्याला शिव्या देऊन हे सुटणार नाही. उसाला ठरलेला दर आहे, कारखाना आहे, तोडणीची टोळी बांधावर येते. तुरीचा, बाजरीचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल की नाही याची खात्री नसते. कमी पाण्याच्या पिकाला उसाइतकी खात्रीची बाजारपेठ देणं हे सरकारचं काम आहे, आणि ते काम झालेलं नाही. उलट पाणी साठवण्यावर आपण भरमसाट खर्च केला. जलयुक्त शिवार हे राज्य सरकारचं पाणी अडवण्या-जिरवण्याचं अभियान २०१४ च्या अखेरीस सुरू झालं, पाच वर्षांत पंचवीस हजार गावं दुष्काळमुक्त करायचं ध्येय होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. पाऊस कमी होता हे खरंच. पण मुरवलेलं पाणी कित्येक ठिकाणी लगेच उपसलं गेलं, हेही खरं आहे. शेततळ्यांचं तर मला फार वाईट वाटतं. योजना पावसाचं पाणी साठवायची, आणि कित्येक ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली तळी बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात वाफ व्हायला ठेवायचं!

वेगळं करून दाखवणारी माणसं आपल्याच मातीत झाली. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, पण तिथली झाडं आणि बंधारे बघून लोक परत येतात. मला तिथलं खरं काम वाटतं ते पाण्याच्या ताळेबंदाचं. पाऊस मोजायचा, आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग पिकं ठरवायची. पाऊस कमी तर दुसऱ्या पिकाला आवर. उसाला आणि शेतीच्या बोअरला बंदी. हे काम उभं करणाऱ्या सरपंच पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली, पण ही बंदी मान्य करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचा मोठेपणा मला तितकाच वाटतो.

त्याआधी पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, सत्तरच्या दशकात. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसांवर ठरवला. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. पन्नास वर्षं होत आली, पण याहून न्याय्य कल्पना माझ्या वाचनात आलेली नाही. कारण पाणी संपतं तेव्हा सगळ्यांचं एकदम संपत नाही. आधी आटतो वस्तीवरचा हातपंप, मग लहान शेतकऱ्याची विहीर, आणि ज्याची ऐपत आहे त्याचं बोअर सर्वात शेवटी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या वेळीही भर उन्हात घागरी घेऊन कोण उभं होतं, आणि कोण टँकर विकत घेत होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात घेतलेली नोंद प्रत्येक गावात रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. केंद्राच्या अटल भूजल योजनेतल्या गावांनी पाण्याचा ताळेबंद करायचाच होता. तो भिंतीवर रंगवून न थांबता त्यावरून पेरा ठरावा. त्या सभेत बायकांचं आणि भूमिहीनांचं मत मोटारवाल्याइतकंच धरलं जावं.

तुमच्या गावात असं काही होत असेल तर सविस्तर लिहा. कोणतं पीक थांबवलं, विरोध कोणी केला, त्याला कसं समजावलं, आणि एखाद्याने ऐकलंच नाही तेव्हा गावाने काय केलं, हे मला जाणून घ्यायचंय.