ट्रेडमिलचं सरासरी बिल

चिपळूणचे ट्रेडमिलवाले, सप्रेम नमस्कार.

नाव न लिहिता ‘एक ट्रेडमिलवाला’ एवढीच सही केलीत, म्हणून अशी हाक मारावी लागतेय. मशीनवर दिसणाऱ्या कॅलऱ्यांबद्दल मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं की तो आकडा निव्वळ थाप असते, त्यापेक्षा इथे रत्नागिरीत भाट्याच्या पुळणीत चाला, दुप्पट जळतील. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझ्या मशीनमध्ये वजन भरता येतं, मुठीत धरायला नाडीचे सेन्सर आहेत, ते थाप कशाला मारेल? अर्ध्या तासात टी-शर्ट पिळावा लागतो, तो घामही खोटा का? पुळणीत दुप्पट, याला पुरावा काय? आणि शेवटी, ‘जन्मभर विजेचे मीटर तपासलेल्या माणसाने शरीराच्या भानगडीत पडू नये.’

हे शेवटचं वाक्य बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

हरलो आहे तिथूनच सुरुवात करतो. पुळणीचा पुरावा आहे, पण तो माझ्या कामाचा नाही. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी माणसांना वाळूत चालवून, पळवून मोजमाप केलं होतं. कडक जमिनीच्या तुलनेत वाळूत चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागली, पळायला १.६ पट. मी लेखात ‘दुप्पट’ ठोकून दिलं ते यावरून. पण ती वाळू भुसभुशीत, पाय रुतणारी. मी जातो ओहोटीला, पाण्याच्या कडेकडेने. तिथली ओली वाळू इतकी घट्ट बसलेली असते की पोरं त्यावर क्रिकेटची पिच आखतात. पाऊल उमटतं, रुतत नाही. म्हणजे माझी ‘दुप्पट’ मी कधी जाळलेलीच नाही. हा मुद्दा तुमचा.

‘थाप’ हा शब्दही मागे घेतो. थाप मारायला खरं काय ते आधी माहीत असावं लागतं, मशीनला ते माहीतच नसतं. त्यापेक्षा माझ्या जुन्या खात्यातला शब्द बरा: सरासरी बिल. घर बंद असलं किंवा मीटर जळला की रीडिंग मिळत नाही, मग मागच्या वापरावरून अंदाजाने युनिट टाकून बिल काढतात. त्याला कोणी खोटं म्हणत नाही, पण ते रीडिंगही नव्हे. ट्रेडमिलचं बिल तर तुमच्या घराच्या मागच्या वापरावरूनही नसतं, सगळ्या आळीची सरासरी काढून तुमच्या दारात टाकलेलं असतं.

शरीराचं रीडिंग घेता येतं. नाकातोंडावर मास्क बसवून श्वासातला ऑक्सिजन किती खर्ची पडला ते मोजतात. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ कॅलऱ्या. (मशीनवरची कॅलरी म्हणजे खरं तर किलोकॅलरी, पण ते सोडा.) अशी पुष्कळ माणसं मोजून अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने चालण्याचं एक सूत्र बसवलं. सपाटीवर चालताना मिनिटाला जितके मीटर कापता त्याचा दहावा भाग, त्यात ३.५ मिळवा, की किलोमागे दर मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन लागला ते येतं. ट्रेडमिलच्या पोटात हे किंवा असंच एखादं सूत्र असतं. मास्क नसतो.

आता ७० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटरने अर्धा तास चालला, असं धरू. सूत्राने येतात १२४ कॅलऱ्या. पण ते ३.५ म्हणजे नुसतं जिवंत राहण्याचा खर्च, फिक्स चार्ज म्हणा. तो माणूस तेवढा वेळ खुर्चीत पेपर वाचत बसला असता तरी ३७ जळल्याच असत्या. चालण्याची कमाई फक्त ८७. बऱ्याच मशीनवर वजन न भरता सरळ स्टार्ट दाबलं की ते आपलं ठरलेलं वजन धरून चालतं. आमच्या सौ.चं वजन ५४. सत्तर किलो धरणारं मशीन तिलाही १२४ दाखवेल, तिची चालण्याची कमाई मात्र ६८ च्या आसपास. तुम्ही वजन भरता हे उत्तमच, पण घरात तिघं वापरता असंही तुम्हीच लिहिलंय. बाकीचे दोघं भरतात का, विचारून बघा.

आणि ती मूठ! तुमच्या प्रतिक्रियेतला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. नाडी मोजायला कठडा धरायचा, आणि कठडा धरला की कॅलऱ्यांचा हिशेब चुकतो. मी जातो त्या जिममध्ये एक गृहस्थ मशीन दहा टक्के चढावर लावतात आणि एसटीत उभ्याने जावं तसे पुढच्या दांड्याला लोंबकळतात. अंग मागे, पट्ट्याशी काटकोनात. म्हणजे चढ त्यांनी स्वतःच्या अंगानेच काढून टाकलेला असतो. सूत्राला हे दिसत नाही. सत्तर किलोला ताशी ५ ने दहा टक्के चढावर अर्ध्या तासाचे २८२ होतात, आणि मशीन ते पूर्ण देतं. गृहस्थ त्याचा फोटो काढून घरी पाठवतात.

सायकलचं मात्र वेगळं आहे. आमच्याकडे एक स्वस्तातली घरगुती सायकल आहे, घट्ट-सैल करायचा गोल नॉब असलेली. दिवाळीत नातू आला होता. खाली फरशीवर बसून हाताने पेडल गरागरा फिरवत होता, आणि वर स्क्रीनवर कॅलऱ्या चढत होत्या. अकरा झाल्यावर ओरडला, ‘आजोबा, मी जाळल्या!’ मी सवयीने स्क्रू काढून आत बघितलं. चाकाला एक चुंबक, समोर बारीक स्विच. चाक फिरलं की टिक. नॉबची वायर ब्रेककडे जाते, स्क्रीनकडे काहीच जात नाही. म्हणजे व्होल्टेज मोजायचं, करंट मनाने धरायचा आणि गुणाकार करून युनिट सांगायचे. असं टेस्टिंग मी केलं असतं तर त्याच दिवशी मेमो मिळाला असता.

जोर खरोखर मोजून वॅट दाखवणाऱ्या सायकली असतात, त्या सगळ्या मशीनांमध्ये मीटरच्या जवळपास येतात. तिथेही एक मेख आहे. अर्धा तास १०० वॅटने पेडल मारलं की ५० वॅट-तास होतात. वीस दिवस तेवढा घाम गाळाल तेव्हा कुठे एक युनिट होईल! ५० वॅट-तास म्हणजे ४३ कॅलऱ्या, पण शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के, बाकीची उष्णता. म्हणून प्रत्यक्ष खर्च १७२ ते २१५ च्या दरम्यान कुठेतरी. वॅट अचूक असूनही एवढा फरक राहतो. रोइंगवाली कॉन्सेप्ट टू कंपनी आपलं सूत्र उघड सांगते, पण तिच्या मशीनवरचा आकडाही जवळपास ८० किलोचा माणूस धरूनच येतो. घरगुती मीटरला टक्काभर चूक चालते, हे सांगून ठेवतो.

आता घाम. मे महिन्यातली आपली हवा तुम्हाला सांगायला नको. घामाचं काम शरीर थंड करणं, आणि ते तो वाळला तर होतं. टी-शर्टातून पिळून बादलीत गेलेला घाम ना वाळला ना त्याने गार केलं. तो गेला म्हणजे पाणी गेलं. काट्यावर अर्धा किलो कमी दिसतं, ते दोन तांबे पाण्यात परत येतं. हीच हवा नाडीलाही फसवते. उकाड्यात रक्त कातडीकडे वळवावं लागतं, पाणी कमी झालेलं असतं, म्हणून त्याच वेगाला नाडी जास्त पडते. मी जानेवारीत आणि मेमध्ये एकाच मशीनवर, एकाच वेगाने चाललो, तर मेमध्ये नाडी चौदा ठोक्यांनी जास्त. पायांचं काम तेवढंच. नाडीवरून कॅलऱ्या काढणारं यंत्र मात्र मेचं बिल वाढवून देणार. बीपीच्या काही गोळ्या नाडी दाबून ठेवतात, मी त्यातली एक घेतो, तेव्हा माझं बिल उलटं कमी येतं.

मनगटी घड्याळांचंही तेच. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात कंपन्यांची उपकरणं ६० जणांच्या मनगटावर बांधून तपासली. सातांपैकी सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर आली. कॅलऱ्यांमध्ये मात्र सगळ्यात चांगलं उपकरण सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. म्हणजे सेन्सर शहाणा निघाला तरी पुढचा गुणाकार आंधळाच.

राहिला वीजवाला. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात ॲटवॉटर नावाच्या गृहस्थाने जिवंत माणसाला सगळ्या बाजूंनी बंद खोलीत दिवसचे दिवस ठेवलं, खाऊ घातलं, कामाला लावलं आणि बाहेर पडलेली उष्णता मोजली. आत किती गेलं, बाहेर किती आलं, हिशेब जुळतो का. आम्ही टेस्ट बेंचवर मीटर लावून दुसरं काय करत होतो हो?

मशीन विकू नका. वीस टक्के जलद चालणारा मीटरसुद्धा मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात जास्त जळलं की नाही, ते बरोबर सांगतो. तेच मशीन, तेच वजन, हात सोडून, रोज. फक्त त्या आकड्यावर उधारीने जेवू नका. ‘१२४ झाले म्हणून आमरसाची दुसरी वाटी’ हे तुमच्याच प्रतिक्रियेत होतं. साखर न घालता २०० ग्रॅम रस म्हणजे १२० च्या आसपास. कमाई ८७. आणि चिपळुणात साखर न घालता आमरस कोण खातं?

मी उद्यापासून भरतीला जाणार आहे, वरच्या कोरड्या वाळूत. पोटऱ्या काय म्हणतात ते कळवीन. तुम्ही तेवढं मशीनवर वजन किती भरलेलं आहे ते बघून कळवा, आणि बाकीच्या दोघांनी काय उत्तर दिलं तेही.