दोन चमचे म्हणजे किती?

एका लेखात कोडीनच्या (खोकला दाबणारं, अफूच्या गटातलं द्रव्य) खोकल्याच्या औषधाचा डोस 'रात्री दोन चमचे' असा दिलाय, आणि तिथेच गडबड आहे. कोणता चमचा? पोह्यांचा, की वरणात टाकायचा? बऱ्याच बाटल्यांत 5 मिलीत 10 मिग्रॅ कोडीन आणि 4 मिग्रॅ क्लोरफेनिरामाइन (ॲलर्जीचं औषध) असायचं; या जोडीवर केंद्र सरकारने 2023 मध्ये बंदीचा आदेश काढला. 5 मिलीचे दोन चमचे म्हणजे 20 मिग्रॅ कोडीन. मोठे, 15 मिलीचे दोन चमचे घेतले तर तेच 60 होतं, आणि ॲलर्जीचं औषधही तिप्पट! बाटलीच्या टोपणावर बारीक रेघा असतात. टोपण सपाट जागी ठेवून, डोळा रेघेच्या पातळीवर आणून मोजा. पुढचा डोस चार ते सहा तासांआधी नको.

दुसरं, हे औषध फक्त कोरड्या खोकल्यासाठी. बेडका पडत असेल तर कफ आतच साचतो. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. नंदुरबारकडे मिरचीच्या हंगामात पथारीवर (मिरच्या वाळवायच्या मैदानावर) काम करणाऱ्यांना ठसका लागतो, त्यावर आधी नाकातोंडाला रुमाल, मग औषध. ब्लडप्रेशरसाठी रामिप्रिल चालू असेल तर खोकला त्या गोळीचाच असू शकतो. झोपेची गोळी किंवा दारू यांच्यासोबत तर अजिबात नको, श्वास मंदावतो. ओठ निळसर, माणूस हलवूनही नीट जागा होत नाही, असं दिसलं की सकाळची वाट न बघता 108 लावा. आणि हो, हे शेड्यूल एच-1 मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे. चिठ्ठीशिवाय देणारा मेडिकलवाला उपकार करत नाहीये.