शेवट सारखा असलेले छोटे इंग्रजी शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'ए-टी', 'आय-जी', 'ओ-पी' अशा समान शेवटांच्या छोट्या इंग्रजी शब्दांच्या, मराठी अर्थांसह दिलेल्या याद्यांवर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले मुख्य आक्षेप तीन आहेत : अशा याद्यांनी मूल घोकंपट्टीला लागते, 'बट' आणि 'पुट' यांचा शेवट लिहिताना एकच असूनही उच्चार निराळा असल्याने हा नियम मुलाला पुढे फसवतो, आणि शेजारी मराठी अर्थ असला की मूल इंग्रजीत विचार करायला शिकत नाही. नुसते सुटे शब्द पुरत नाहीत, असेही आपण म्हटले आहे.

'सी-ए-टी कॅट' असे सुरात म्हणत स्पेलिंग पाठ करण्याला माझाही विरोध आहे. यादीचा हेतू वेगळा आहे. 'कॅट', 'मॅट', 'रॅट' वाचलेल्या मुलापुढे त्याने कधीही न पाहिलेला 'चॅट' ठेवावा आणि तो त्याला स्वतः वाचता येतो का, हे पाहावे. पाठांतराने हे साधत नाही.

मराठी मुलाला तर या याद्यांची गरज अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या लिपीत स्वर आधीच्या व्यंजनाला मात्रेच्या रूपाने चिकटतो, त्यामुळे 'कॅट' हा शब्द आपण सहज 'कॅ' आणि 'ट' असा तोडतो. इंग्रजी शब्दकुटुंबात, म्हणजे समान शेवटाच्या शब्दांच्या गटात, मात्र तोच शब्द 'क्' आणि 'ॲट' असा तुटतो. कळवा आणि ऐरोली येथे मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवताना मला वारंवार दिसते की बाराखडी पक्की झालेल्या मुलाला 'कॅट, कॅप, कॅन' यांचे नाते चटकन कळते, पण 'कॅट, हॅट, रॅट' यांचे नाते दाखवून द्यावे लागते. स्वर आणि शेवटचे व्यंजन यांचा एकत्र गट पाहण्याची सवय बाराखडी लावत नाही. ती वेगळी लावावी लागते.

आता अपवादांविषयी. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड ड्युरेल यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की प्राथमिक वर्गांच्या पाठांत येणाऱ्या २८६ शेवटांपैकी सुमारे ९५ टक्के शेवटांचा उच्चार ते ज्या ज्या शब्दात येतात तेथे एकच असतो. पुढे १९७० मध्ये रिचर्ड वायली आणि ड्युरेल यांनी केवळ ३७ शेवट निवडले, ज्यांतून लहान मुलांच्या वापरातले जवळपास ५०० शब्द तयार होतात. आपण उदाहरणादाखल दिलेला 'यू-टी' हा शेवट त्या ३७ मध्ये नाही, आणि 'आय-जी-एच-टी' मात्र आहे. 'नाइट', 'लाइट', 'फाइट' यांतील 'जी-एच' या जोडीचा एकेकाळी उच्चार होत असे. ध्वनी गेला, लेखन उरले. त्यामुळे सुटी अक्षरे जोडणारे मूल येथे अडखळते, तर व्यंजनानंतर येणारा हा अख्खा शेवट ओळखणारे मूल सरळ वाचून जाते. 'पुट'लाही कारण आहे. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडच्या बोलीत ऱ्हस्व 'उ' बदलून 'कट', 'बट' असे उच्चार आले, पण ओठांनी उच्चारल्या जाणाऱ्या व्यंजनांनंतर काही शब्दांत जुना स्वर टिकला. 'पुट', 'पुल', 'बुल', 'फुल' हे त्यांतलेच. तेव्हा मुलाला 'कट, हट, नट' वाचू द्यावे आणि 'पुट' वेगळा शिकवावा. एका शब्दासाठी सगळे कुटुंब मोडू नये.

अर्थांच्या बाबतीत मी आपल्याशी मुळीच सहमत नाही. 'ॲ' हा स्वर आपल्या वर्णमालेत इंग्रजी शब्दांसाठी नंतर आला आणि आजही अनेक घरांत 'बॅट'चा उच्चार 'ब्याट' असा होतो. 'बेड' आणि 'बॅड', 'पेन' आणि 'पॅन', 'मेन' आणि 'मॅन' या जोड्या मुलाच्या कानाला एकसारख्याच वाटतात. एक पलंग आणि दुसरे वाईट, हे ठाऊक असेल तरच आपण चुकीचे वाचले, हे त्याला स्वतःला उमगते. शिवाय 'बॅट' म्हणजे वटवाघूळही, हे क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला कोणीतरी सांगायलाच हवे. जिथे वस्तू समोर आहे तिथे अर्थ लिहिण्याची गरज नाही, हे मान्य. ऐरोलीच्या खाडीकाठी राहणाऱ्या मुलाला 'नेट' आणि 'मड' दाखवायला जाळे आणि चिखल पुरेसे आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात यावी, अशी विनंती आहे. आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून असे. मुलाला घरी शिकवणाऱ्या कित्येक आयांना आणि आजोबांना स्वतःलाच 'डिग' म्हणजे खणणे, 'लॉग' म्हणजे ओंडका हे आठवत नाही. मराठी अर्थाचा रकाना जितका मुलांसाठी आहे, तितकाच त्यांच्यासाठीही आहे, आणि तो मी काढणार नाही.

नुसते सुटे शब्द पुरत नाहीत, हे आपले म्हणणे मात्र योग्यच आहे. पुढील यादीपासून प्रत्येक शब्दकुटुंबाखाली त्याच शब्दांची तीन-चार छोटी वाक्ये असतील, आणि 'यू-टी'च्या यादीत 'पुट' स्वतंत्र चौकटीत दिलेला असेल.