सुरक्षा परिषद, कांदा-बटाटा विभाग

आमच्या राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध विभागात चार प्राध्यापक. त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, एक कायम रजेवर आणि उरलेला मी. त्यामुळे वार्षिक अहवालातलं ‘उपक्रम आणि उपलब्धी’ हे प्रकरण दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं.

१९८५ साली ढाक्यात झालेली सार्कची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची, सनद मी वर्गात शिकवतो. निर्णय एकमतानेच घ्यायचे आणि दोघांमधली भांडणं टेबलावर आणायची नाहीत, असं तिच्यात लिहिलंय. अशी संस्था चालते कशी, हे मुलांना कळत नाही. मला कळतं, मी स्टाफरूममध्ये बसतो. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ साली काठमांडूला झाली. आमच्या विभागाची बैठक त्यानंतर झालेली आहे, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

तर यंदा २४ ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्र दिनी, मी अभिरूप सुरक्षा परिषद भरवली. सदस्य पंधरा. पाच कायम, त्यांना नकाराधिकार, म्हणजे व्हेटो: एकानं नाही म्हटलं की ठराव पडला. बाकीचे दहा दोन वर्षांपुरते. हे सांगितल्याबरोबर त्या दहा खुर्च्यांवर बसायला कुणी तयार होईना. “व्हेटो नसेल तर एवढ्या लांबून कशाला यायचं सर?” असं दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं. हा प्रश्न १९४५ पासून बऱ्याच देशांना पडलाय. तिला रशिया देऊन टाकला. अमेरिका कोट असलेल्या मुलाला गेली. फ्रान्सची एसटी चुकली, म्हणून त्या खुर्चीवर शिपाईमामांना बसवलं.

ठराव पाणीवाटपाचा होता. मुलं जीव तोडून बोलली. बाजूनं अकरा हात वर आले, नऊ पुरतात. तेवढ्यात रशियानं नकाराधिकार वापरला. कारण विचारलं तर म्हणाली, “सर, चर्चा वाढेल. साडेचारची गाडी आहे.” लगोलग फ्रान्सनंही विरोधात हात वर केला. त्यांना हॉल झाडायचा होता.

त्या तासाभरात मुलांना जे कळलं ते माझ्या चार तासिकांत कळलं नसतं. पण ते अहवालात भरायला रकाना नाही. रकाना आहे जिओटॅग फोटोचा.

फोटो झकास आला होता. खाली नकाशाचा चौकोन, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि पत्ता: कृषी उत्पन्न बाजार समिती, कांदा-बटाटा विभाग. आमची आणि त्यांची भिंत एकच आहे. पावसाळ्यात सडक्या कांद्याचा वास थेट फळ्यापर्यंत येतो, पण मोबाइललाही तो यावा?

अहवाल बघणाऱ्या मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. “सर, मूल्यांकनासाठी पाहणीला येणारी मंडळी विचारतील, सुरक्षा परिषद वखारीत का भरली?”

दुसऱ्या दिवशी मुलांना पुन्हा गोळा केलं. मी खिडकीपासून लांब, दाराच्या कोपऱ्यात स्टुलावर उभा राहिलो. पत्ता बरोबर आला. तारीख २५ पडली. शिवाय आज खरा फ्रान्स हजर होता आणि मामा खुर्ची सोडायला तयार नव्हते, त्यामुळे सुरक्षा परिषदेचे सदस्य सोळा झाले. सुरक्षा परिषदेच्या विस्ताराची मागणी किती वर्षं रखडलीय. आमच्याकडे तो एका स्टुलावरून झाला.

शेवटी विभागप्रमुखांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. “बाजार समितीशी आपला सामंजस्य करार आहे?”

“नाही सर.”

“मग करा. कालचा फोटो संयुक्त उपक्रम म्हणून जाईल. गुणही मिळतात त्याचे.”

करार घेऊन मी समितीच्या सचिवांकडे गेलो. बाहेर लिलाव चालू होता. त्यांनी कट चहा मागवला आणि कागद शांतपणे वाचला.

“आमच्याकडून काय लागेल?”

“फक्त जागा. तीही कागदावर.”

“व्हेटो-बिटो असतो ना त्यात?” डिसेंबर २०२३ ची कांद्याची निर्यातबंदी त्यांच्या मनातून अजून गेलेली नव्हती. “मग पुढच्या साली कांद्याचा ठराव घ्या. आमचे चार व्यापारी पाठवतो, बोलणारे आहेत.”

विषय ठरला, सही झाली. आता रशिया त्या मुलीकडून काढून घ्यायचा की एसटीच्या आगारप्रमुखांना भेटून साडेचारची गाडी पाचला करून घ्यायची, याच्या विचारात आहे. दुसरं सोपं वाटतंय.