व्ही.ओ.एफ.चं ‘प्रायव्हेट लिमिटेड’ का केलं नाही: एका अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

‘पैसे पूर्ण घेतले, पण व्ही.ओ.एफ. आणि बी.व्ही. डचमध्येच ठेवले, साधं प्रायव्हेट लिमिटेड लिहिता आलं नाही, पुण्याच्या सीएने करार परत पाठवला,’ हा तुमच्या कराराच्या इंग्रजी अनुवादावरचा अभिप्राय वाचला. (व्ही.ओ.एफ. आणि बी.व्ही. हे नेदरलँड्समधल्या व्यवसायांचे दोन कायदेशीर प्रकार.) कागद परत आला की माल अडकतो, याचं मला वाईट वाटतं. तरीही त्या करारातलं इंग्रजी मी बदलणार नाही.

तुमचा व्यवसाय व्ही.ओ.एफ. आहे, हे तुम्हीच जाहीर लिहिलंत म्हणून बोलते. व्ही.ओ.एफ. ही भागीदारी. देणं थकलं तर धनको कुठल्याही एका भागीदाराकडून सगळी रक्कम मागू शकतो आणि त्याच्या खासगी मालमत्तेवरही येऊ शकतो. ‘लिमिटेड’ म्हणजे नेमकं याच्या उलट. शपथ घेतलेली अनुवादक म्हणून अशा शब्दाखाली मी शिक्का मारू शकत नाही. शिवाय त्यात तुमचंच नुकसान होतं. भागीदार स्वतः जबाबदार आहेत हे कळलं, तर उधारीवर माल देणाऱ्याला भरवसा जास्त वाटेल, कमी नाही.

आम्ही ‘जनरल पार्टनरशिप’ लिहिलं आणि शेजारी व्ही.ओ.एफ. ठेवलं, तेही मुद्दाम. पुण्यातला सीए भागीदारी म्हटलं की १९३२चा भारतीय भागीदारी कायदा डोळ्यांपुढे आणणार. त्या कायद्यात नवा भागीदार सहसा जुन्या देण्यांना बांधील नसतो. नेदरलँड्समध्ये मात्र तो बांधील असतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तसा निकाल दिला आहे. उद्या तुम्ही कुणाला भागीदार म्हणून घेतलंत, तर हा फरक लाखमोलाचा ठरेल. मूळ अक्षरं दिसली तरच वाचणाऱ्याला कळतं की इथे डच कायदा लागू आहे.

करारातल्या दुसऱ्या पक्षाची बी.व्ही. खरोखरच मर्यादित जबाबदारीची आहे, आणि पहिल्या उल्लेखापाशी तळटीपेत आम्ही ते इंग्रजीत सांगितलंय. पण भारतातल्या प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात, बी.व्ही. एकटा माणूसही काढतो आणि चालवतो. १ ऑक्टोबर २०१२पासून तिला १८,००० युरोंच्या किमान भांडवलाची अटही राहिलेली नाही. सीएने ‘प्रायव्हेट लिमिटेड’ वाचून भारतातल्या अटी गृहीत धरल्या, तर त्याचा अंदाज चुकेल. आणि बी.व्ही. ही अक्षरं नावाचाच भाग आहेत. केव्हीकेच्या, म्हणजे व्यवसायांची नोंद ठेवणाऱ्या डच चेंबर ऑफ कॉमर्सच्या, उताऱ्यात एक नाव, करारात दुसरं, असं झालं की बँक पैसे अडवते. ते काम तर पुण्यातल्या कागदापेक्षा जास्त लांबतं.

पैशांचं म्हणाल तर, आम्ही संपूर्ण मजकुराच्या शब्दसंख्येवर आकारणी करतो. ही दोन संक्षेपाक्षरं वगळली तरी बिलात फरक पडला नसता.

सीएसाहेबांसाठी दोन्ही प्रकारांची माहिती देणारं एक पानाचं इंग्रजी पत्र मी शिक्क्यासह तयार ठेवलंय. त्याचे पैसे नाहीत. त्यांचा ईमेल आमच्या कार्यालयात कळवा, पत्र थेट त्यांना पाठवते. त्यांना फोनवर बोलायचं असेल, तर पुण्याची वेळ सांगा. मी स्वतः बोलेन.