मानेच्या ट्रॅक्शन संचाबद्दलच्या आपल्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

आदरणीय ग्राहक, सप्रेम नमस्कार.

आमच्या मिरजेतील सर्जिकल साहित्याच्या दुकानातून आपण मानेला वजन लावण्याचा, म्हणजेच घरगुती ट्रॅक्शनचा संच नेलात आणि त्याबद्दल एक तारा देऊन अभिप्राय लिहिलात, तो मी वाचला. मानेचे दुखणे थांबले नाहीच, वर जबडाही धरला, याचे मला मनापासून वाईट वाटते आणि आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगिरी व्यक्त करतो. संच महाग आहे, आत फक्त इंग्रजी पत्रक आहे, वापरलेला माल आम्ही परत घेतला नाही, या आपल्या तक्रारींवर दोन बाजू असू शकतात हे मला मान्य आहे. परंतु "दुकानदाराने घाईघाईत पिशवी हातात कोंबली, कसे वापरायचे याचा एक शब्दही सांगितला नाही" हे आपले वाक्य खरे नाही, आणि ते चारचौघांत लिहिलेले असल्यामुळे त्याचे उत्तरही मला चारचौघांतच द्यावे लागत आहे.

आपण आलात तेव्हा रात्रीचे पावणेनऊ होत आले होते. दुकान नऊला बंद होते, ही वेळ पाटीवर लिहिलेली आहे. तरीही मानेच्या दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला "उद्या या" म्हणून परत पाठवणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून अर्धे खाली घेतलेले शटर मी पुन्हा वर केले. आपली गाडी रस्त्यातच उभी होती, मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते आणि साहजिकच आपले निम्मे लक्ष बाहेर होते. मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, ती आपण घरी विसरला होतात. चिठ्ठी पाहिल्याशिवाय हा संच मी देत नाही असे म्हटल्यावर आपल्या कपाळावर आठी पडली, पण घरून तिचा फोटो मोबाइलवर आला आणि त्यात स्वच्छ लिहिलेले होते: ३ किलो, १० मिनिटे, दिवसातून दोनदा. आमच्या आतल्या खोलीच्या दारावर असाच एक संच कायम टांगलेला असतो. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून, पट्टा बांधून, दोरीची दिशा दाखवावी एवढ्याचसाठी तो ठेवलेला आहे. त्या खुर्चीवर बसण्याची मी आपल्याला विनंती केली, तेव्हा "कळलं, कळलं, बाकीचं व्हिडिओ बघून करतो" असे आपण म्हणालात. तरीही कप्पी, आडवी दांडी आणि दोरी कशी जोडायची ते मी काउंटरवर मांडून दाखवले. आपल्या बिलावर ९ वाजून १४ मिनिटे ही वेळ छापलेली आहे. म्हणजे आपण जवळपास अर्धा तास दुकानात होतात. यात घाई कोणाची होती ते वाचणाऱ्यांनी ठरवावे.

आपण अभिप्रायासोबत एक फोटो जोडला आहे, त्याबद्दल तर मी आपला आभारीच आहे. त्यात वजनासाठी पाणी भरायच्या पिशवीवर एक निळी आडवी रेघ दिसते. ती कंपनीने छापलेली नाही. आपल्यादेखत पिशवी काउंटरवर पसरून मी ती मार्करने मारली होती. या पिशवीवर एका बाजूला पौंडांचे आणि दुसऱ्या बाजूला किलोचे आकडे असतात, त्यात हमखास गोंधळ होतो, म्हणून चिठ्ठीतले वजन पाहून प्रत्येकाच्या पिशवीवर अशी रेघ मारून देण्याची आमची पद्धत आहे. एक शब्दही न सांगता मी ती रेघ कशासाठी मारली असेल? फोटोत मात्र पाणी त्या रेघेच्या कितीतरी वर, थेट शेवटच्या खुणेला भिडलेले आहे. ती खूण २० पौंडांची, म्हणजे सुमारे ९ किलोची आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वजनाच्या हे तिप्पट झाले.

३ किलोने काय होणार, असे आपल्याला वाटले असावे, आणि तसे वाटणारे आपण पहिले नाही. माणसाच्या डोक्याचेच वजन साडेचार-पाच किलो असते. बसून ट्रॅक्शन घेताना लावलेले बरेचसे वजन ते डोके तोलण्यातच जाते, त्यामुळे सुरुवातीला ओढ जाणवत नाही हे खरे आहे. पण वजन वाढवायचे असते ते मानेची आणि हाताची तक्रार कशी बदलते हे पाहून, डॉक्टरांच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्याने. नळाखाली पिशवी धरून ती भरेपर्यंत नव्हे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. बाजूने काढलेल्या त्या फोटोत आपण दाराकडे पाठ करून बसला आहात आणि समोर टीव्ही चालू आहे. दारावर टांगायच्या ट्रॅक्शनमध्ये तोंड दाराकडे हवे आणि खुर्ची दारापासून थोडी मागे हवी, म्हणजे दोरी पुढे आणि वर अशी तिरकी जाते व मान साधारण १५ ते २० अंश पुढे झुकलेली राहते. मणक्यांच्या ज्या फटींतून हाताकडे जाणाऱ्या नसा बाहेर पडतात, त्या फटी मान पुढे झुकवून ताणल्यावर थोड्या रुंदावतात आणि दबलेल्या नसेला मोकळीक मिळते. हातातली कळ आणि मुंग्या कमी होतात त्या यामुळे. दाराकडे पाठ केली की तीच दोरी डोके मागे खेचते, मान मागे वळते आणि ज्या फटी उघडायच्या त्याच आवळल्या जातात. जबड्याचेही कारण हेच आहे. पट्ट्याचा एक भाग हनुवटीखाली आणि दुसरा डोक्याच्या मागे, मान जिथे कवटीला मिळते तिथल्या हाडाखाली बसतो. ओढ मुख्यतः मागच्या भागावर यायला हवी. हनुवटीचा भाग नुसता आधाराला असतो. आपण उलटे बसल्यामुळे तो सगळा भार हनुवटीवर आणि तिथून कानासमोरच्या जबड्याच्या सांध्यावर आला. "रोज मालिका संपेपर्यंत अर्धा तास वापरले" असे आपणच लिहिले आहे. ९ किलो, अर्धा तास आणि उलट्या दिशेची ओढ, एवढे झाल्यावर जबडा दुखला नसता तरच नवल होते. याचे खापर दुकानावर फोडणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे आहे, असे मी नम्रपणे म्हणतो.

चिठ्ठीच्या आग्रहाबद्दल आपण "दुकानदार स्वतःला डॉक्टर समजतो" असे लिहिले आहे. मी डॉक्टर नाही, म्हणूनच चिठ्ठी मागतो. ज्यांना रुमेटॉइड संधिवात आहे, ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, मानेला नुकताच मार लागला आहे, मणक्यात गाठ किंवा जंतुसंसर्ग आहे, किंवा मज्जारज्जूवरच दाब येऊन चालताना तोल जातो आहे, अशांना मानेला वजन लावणे धोक्याचे ठरू शकते, आणि काउंटरच्या या बाजूने बघून ते मला ओळखता येत नाही. ट्रॅक्शनने मान बरी होतेच, असेही मी कोणाला सांगत नाही. त्याच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नाही. नस दबून हातात कळ येणाऱ्या काही रुग्णांना व्यायामाच्या जोडीने त्याने आराम पडतो, सगळ्यांना पडत नाही. हे वाक्य मी त्या रात्रीही बोललो होतो, आणि त्याच वेळी आपला फोन वाजला होता.

किंमत आणि परतीबद्दल थोडक्यात सांगतो. ऑनलाइन मिळणारा संच दोनशे रुपयांनी स्वस्त आहे हे खरे आहे. पण रेघ मारून देणारा आणि चिठ्ठी वाचणारा माणूस त्या खोक्यात येत नाही. वापरलेला पट्टा तोंडाला आणि मानेला लागलेला असतो, त्याला घाम लागतो. तो परत घेऊन दुसऱ्या रुग्णाला विकणे मला जमणार नाही, आणि तसा विकलेला पट्टा आपल्यालाही चालला नसता.

हे सगळे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण आमचे पोट या दुकानावर आहे. मिरज हे दवाखान्यांचे गाव. १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल उभे राहिले तेव्हापासून सांगली-कोल्हापूरबरोबर बेळगाव-विजापूरकडचे रुग्णही इथे येत आले आहेत. पूर्वी ते डॉक्टरांना विचारून दुकानात यायचे, आता स्टेशनवर उतरल्या उतरल्या मोबाइलवर तारे बघतात, आणि तिथे आपला अभिप्राय सगळ्यात वर दिसतो. परवा कमरेचा पट्टा पाहत असलेल्या एका गृहस्थांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि "विचार करून येतो" म्हणून ते निघून गेले. ते काही परत आले नाहीत.

पत्रकाबद्दलची आपली सूचना योग्य आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये चित्रांसह पत्रक करून घ्यावे असे बरेच दिवस मनात आहे, ते आता लवकर करून घेऊ; रात्री उशिरा हा संच द्यावा की नाही, याचाही विचार चालू आहे.

तूर्त आपण हा संच वापरणे थांबवावे. हातात बधिरपणा असेल, वस्तू हातातून सुटत असतील, चालताना तोल जात असेल किंवा मान वळवल्यावर चक्कर येत असेल, तर माझ्याकडे न येता आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे. तसे काही नसेल आणि त्यांनी पुन्हा परवानगी दिली, तर पिशवी, पट्टा आणि नवी चिठ्ठी घेऊन सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान अवश्य यावे. त्या वेळी दुकानासमोर गाडी लावायलाही जागा असते. पट्टा मापाला मोठा होत असेल तर नवीन लहान पट्टा मी पैसे न घेता देईन. आतल्या खोलीतल्या खुर्चीवर या वेळी मात्र दहा मिनिटे बसावे लागेल, दाराकडे तोंड करून. बसताना दाराला आतून कडी लावायची, कवळी असेल तर ती तोंडातच ठेवायची, आणि संपल्यावर पट्टा एकदम न सोडता आधी पिशवी हाताने उचलून ओढ हळूहळू कमी करायची, हे सगळे मी पुन्हा एकदा सांगेन. त्यानंतर आपल्याला पटले तर अभिप्रायातले ते एक वाक्य तेवढे बदलावे. तारे किती द्यायचे, ती आपली मर्जी.

आपला विश्वासू,
दुकानमालक