ताईंचा पाय सांध्यात आखडतो की स्नायूत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

पाय आखडण्यावरच्या लेखाखाली तुम्ही सुदामानगरहून एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमची तक्रार थोडक्यात अशी: चाळिशी उलटली की बायकांचे गुडघे धरतातच, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजाराचं नाव काढून मी लोकांना घाबरवते. हा थंड देशांतला आजार, इंदुरात कुणाला होतो? धाकट्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या, एक्स-रेत झीज दिसली, हाडांच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं, मग एमआरआयचा खर्च कशाला? शेकाने तिला बरं वाटतं, तर शेकाला नावं का ठेवायची? आणि शेवटी, ‘सूज नसेल तर तो संधिवात नव्हे’ हे माझं वाक्यच चुकीचं आहे.

शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. ते वाक्य फार तर आमवाताच्या (सांधे सुजवणाऱ्या रुमॅटॉइड संधिवाताच्या) संदर्भात चाललं असतं, झिजेच्या संधिवाताला ते लागू नाही. गुडघा झिजलेला असूनही वरून सूज न दिसणं अगदी नेहमीचं आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

बाकी मुद्द्यांवर मात्र मी ठाम आहे, आणि त्याचं कारण तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. ओघात तुम्ही चार गोष्टी लिहून गेलात. ताईंच्या उजव्या पायातली चप्पल निसटते आणि त्यांना ते चार पावलांनी कळतं. रात्री तोच पाय आपोआप काठीसारखा ताठ होतो. कढत पाण्याने आंघोळ केली की ‘पायातला जीव जातो’. आणि राजवाड्यावर खरेदीला गेल्या की पहिली दहा मिनिटं ठीक, मग पाय ओढावा लागतो. दुकानात बसल्या की पुन्हा बरं. यातली एकही गोष्ट झिजलेल्या गुडघ्याच्या खात्यात नीट बसत नाही, आणि चारही एकत्र आल्यावर मला गप्प बसवत नाही.

गुडघा झिजला की अडचण बिजागरीत असते. एमएसमध्ये बिजागरी शाबूत असते, पण दार धरून ठेवणारा स्नायू सैल सुटत नाही. मेंदूकडून मज्जारज्जूतून खाली येणाऱ्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती खरवडते. स्नायू ताणला गेला की तो उलट ओढ घेतो, ही आपल्या सगळ्यांच्या अंगातली प्रतिक्षिप्त क्रिया. तिच्यावर वरून सतत लगाम असतो. तंतू खराब झाले की लगाम ढिला पडतो. मग स्नायू जितक्या झटक्यात ताणाल तितका तो जास्त अडतो. याला स्पास्टिसिटी म्हणतात, आणि तिची खूण आहे वेग. झिजलेला गुडघा हळू वाकवा नाहीतर भरभर, तो साधारण त्याच कोनात दुखतो आणि त्याच कोनात अडतो, हाताला करकर लागते. स्पास्टिक पाय सावकाश वाकवला तर बराचसा वाकतो. झटकन वाकवला तर मध्येच अडकतो आणि क्षणभराने सुटतो.

हे घरी पाहता येतं. ताईंना उंच पलंगाच्या कडेवर बसवा, मागे लोड-उशा रचून अर्धवट रेलू द्या, दोन्ही पाय जमिनीला न टेकता लोंबते राहू द्या. टाचेखाली तळहात धरून पाय गुडघ्यातून सरळ होईपर्यंत उचला, सगळा भार हातावर सोडायला सांगा, आणि हात काढून घ्या. सैल पाय झोपाळ्यासारखा पाच-सहा झोके घेत थांबतो. झिजेचा पायही बहुधा झोके घेतो. स्पास्टिक पाय अर्ध्यावर अडखळतो, एखाद-दुसरा झोका घेतो आणि थबकतो. आधी डावा पाय पाहा, मग उजवा. दोन्हींतला फरकच बोलतो. इथे चूक होते ती अशी, की माणूस घाबरून नकळत पाय धरून ठेवतो. म्हणून गप्पा मारत मारत तीनदा करा. चालून आल्यावर किंवा आंघोळीनंतर लगेच करू नका. सरळ करतानाच गुडघा ठणकत असेल तर पाय सोडू नका, दुखऱ्या सांध्याला हिसका बसेल. आणि झोके नीट आले म्हणून निश्चिंतही होऊ नका. सौम्य ताठरपणा या चाचणीतून निसटतो.

दुसरी खूण ताईंनाच विचारा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर पायाचा फक्त पुढचा भाग टेकला, तर टाच आपोआप ठकठक उडायला लागते का, शिवणयंत्राच्या पायट्यासारखी? झिजेने असं कधीच होत नाही. जिन्याचंच आणखी एक: गुडघा झिजलेल्याला उतरणं जड जातं, कळ येते. स्पास्टिक पायाला चढताना त्रास, कारण पाऊल पुरेसं उचललं जात नाही आणि बोटं पायरीला अडकतात.

सकाळच्या आखडण्यावरून निदान करण्याची सवय आपल्याकडे फार आहे, पण तिथे पाय घसरतो. झिजेत सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. आमवातात तो तासाहून जास्त टिकतो आणि बहुतेक दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधेही धरलेले असतात. स्पास्टिसिटीतही रात्रभर एका जागी पडून राहिल्यावर पाय सकाळी ताठ असतो. त्यामुळे ‘उठल्यावर आखडतं’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. रात्रीच्या त्रासाचं तसं नाही. पायात साधा गोळा आला तर पोटरीत गाठ येते, जीव कासावीस होतो आणि पंजा वर ओढला की सुटते. ताईंचा अख्खा पाय मांडीपासून ताठ होतो, हे वेगळं आहे.

गरम पाण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मायलिन गेलेला तंतू अंगाचं तापमान जरासं वाढलं तरी संदेश नीट वाहून नेत नाही. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली हे नोंदवलं. व्यायामानंतर रुग्णांची नजर धूसर व्हायची. इंदूरचा मे महिना, ताप, कढत आंघोळ, तिन्हींचा परिणाम तोच: पाय लुळा पडतो आणि अंग गार झालं की परत येतो. झिजलेल्या गुडघ्याला गरम पाण्याने उलट बरं वाटतं. म्हणून तुमच्या प्रतिक्रियेतली ‘शेकाने बरं वाटतं’ आणि ‘आंघोळीने जीव जातो’ ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत. शेक एका गुडघ्यापुरता असतो, आंघोळ सगळं अंग तापवते. कदाचित ताईंना दोन्ही आजार आहेत.

तसं असू शकतं, आणि एक्स-रेची फसगत इथेच होते. चाळिशी-पन्नाशीत झीज दिसणं काही विशेष नाही. दिसूनही न दुखणारे गुडघे पुष्कळ असतात. फिल्मवर हाड दिसतं, मज्जारज्जू दिसत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते खोटं नाही, फक्त ते अर्धंच असू शकतं. शिवाय हे दोन आजार एकमेकांना खतपाणी घालतात. ताठ पाय टाकताना गुडघा मागे हिसकला जातो आणि काही वर्षांत खरोखरच दुखायला लागतो. उलट बाजूने, दुखरा गुडघा हा स्पास्टिसिटीला चिथावणारा काटा ठरतो. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, मांसात रुतलेलं नख, घट्ट पायमोजा, कडाक्याची थंडी, यांनीही ताठरपणा एकदम वाढतो. असं वाढलं की ‘वात चढला’ म्हणून तेल चोळण्याआधी लघवी तपासून घ्यावी.

सरसकट प्रत्येक गुडघ्याला एमआरआय करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. आधी न्यूरॉलॉजिस्टची हातोडी. गुडघ्यावर आणि टाचेमागे ठोकून, तळव्यावर रेघ ओढून पाच मिनिटांत कळतं की अडचण मज्जारज्जूच्या वाटेवर आहे की नाही. तिथे उत्तर ‘हो’ आलं, तरच एमआरआय, आणि तोही योग्य जागेचा. पाय दुखतो म्हणून कमरेचा एमआरआय काढतात, तो ठीक येतो, आणि सगळे निर्धास्त होतात. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबर-मणक्यापाशीच संपतो. त्याखाली फक्त मुळं असतात. एमएससाठी मेंदू, मान आणि पाठीचा भाग पाहावा लागतो. पायाचा ताठरपणा मानेतून येऊ शकतो हे घरच्यांना पटत नाही, पण वाट तिथूनच जाते.

आणि तिथे एमएसच निघेल असंही नाही. मानेचे मणके झिजून मज्जारज्जूवर दाब आला तरी पाय असाच ताठरतो, वय वाढेल तशी ही शक्यता जास्त. शाकाहारी घरात बी-१२ ची तपासणी आधी करावी. त्याच्या कमतरतेतही पाय अडखळतात, आणि इंजेक्शनं वेळेत मिळाली तर चांगला फरक पडतो. आपल्याच मध्य प्रदेशात, रीवा-सतनाकडे, लाखेची म्हणजे तिवड्याची डाळ महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाऊन तरुण माणसांचे पाय कायमचे ताठरल्याचा इतिहास आहे. त्यांचे गुडघेही ठणठणीतच होते.

थंड देशांबद्दल. तिथे एमएसचं प्रमाण जास्त आहे हे खरं. पण भारतात तो इतका परका नाही: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्रपणे आहे.

हा फरक ओळखणं केवळ नावापुरतं नाही, औषधं बदलतात. दुखण्याच्या गोळ्यांनी स्पास्टिसिटी उतरत नाही. बॅक्लोफेन हे ताठरपणावरचं औषध साधारण ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. घाईने वाढवलं तर पाय लटपटतो, कारण कमजोर पाय त्या ताठरपणाच्याच आधाराने उभा असतो. आणि ते एकदम बंद केलं तर भास, झटके येऊ शकतात. गावाला जाताना पाकीट विसरणं इथे महागात पडतं. टिझानिडिन हे ताठरपणावरचं दुसरं औषध चालू असताना लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊ नये, रक्तदाब धोकादायक घसरतो. आमवातावरची अडालिमुमॅब, इटानरसेप्टसारखी इंजेक्शनं एमएस बळावू शकतात. नाव नसलेल्या पुड्यांनी आठवड्यात आराम पडला तर त्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्या; ते दोन्ही आजारांत तात्पुरतं बरं वाटवतं आणि निदान लांबवतं.

शेक बंद करू नका, गुडघ्यापुरता ठेवा: टॉवेलात गुंडाळलेली पिशवी, पंधरा मिनिटं. पिशवी किती गरम आहे ते ताईंच्या हाताने पाहा, पायाने नको. चप्पल निसटलेली ज्या पायाला कळत नाही, त्याला चटकाही कळणार नाही. चोळायचं तर संथ हाताने. पोटरीचा ताण हळूहळू द्या, ३० ते ६० सेकंद धरा, झटके नकोत. आंघोळ कोमट पाण्याने.

एक गोष्ट ताईंनी तुम्हाला सांगितली नसेल, ती वहिनींना विचारायला सांगा: लघवीची घाई होते का, किंवा बसूनही सुरू व्हायला वेळ लागतो का. पायासोबत हे असेल तर भेट पुढच्या महिन्यावर टाकू नका. लघवी तुंबली, बसायची जागा बधिर झाली किंवा एक-दोन दिवसांत पायातली ताकद उतरत गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना एक्स-रे न्या, चालू गोळ्यांची पाकिटं न्या, रात्री पाय ताठतो तेव्हाचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्या. आणि ताईंची रोजची जुनी चप्पल पिशवीत टाका. झिजेच्या गुडघ्याची चप्पल बहुतेक टाचेच्या एका कडेला खलास होते. ताईंच्या उजव्या चपलेचा तळ आज उलटा करून पाहा, पुढे बोटांखाली घासलाय का, आणि डावीशी ताडून मला इथेच कळवा.